ग्लासाखालची मेणबत्ती

प्रयोगाचा तास घेणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी साठत जातात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या कॉलनीत मी तिसरीला शिकवायचे, गॅसकांडानंतरच्या वर्षांत.

*

ओल्या कापसावर हरभरे ठेवले होते, अंकुर दाखवायला. दुसऱ्या दिवशी निम्मे गायब!

"किसने खाए?"

नागपूरकडचा मंदार ऐटीत उभा राहिला. "बाई, भिगे हुए थे ना, म्हणून संपवून टाकले!"

*

चुंबकाच्या तासाला म्हटलं, घरून लोखंडी वस्तू आणा. एकीनं वडिलांचं मायक्रोमीटर आणलं आणि तासभर त्याच्यावर चुंबक घासलं. संध्याकाळी वडील दारात! "बाई, आता याला सगळा लोखंडाचा कीस चिकटतोय. मी मापं कशानं घेऊ, कप्पाळ?"

*

मग तो दिवस. बाटलीत लिंबू, सोडा, तोंडाला फुगा. मी मूर्खासारखी बोलून गेले, "देखो, अब गैस निकलेगी!"

शमीम उठली. माठात रुमाल बुडवला, तोंडावर दाबला आणि शेजारच्या दोघींना ओढत बाहेर पळाली. तिची आई आणि धाकटा भाऊ गॅसमध्येच गेले होते. मला ठाऊक होतं हो! तरी जीभ घसरली. अजून लाज वाटते.

हेडमास्तर म्हणाले, "प्रयोग करा, पण तो शब्द नको." तेव्हापासून आमच्या वर्गात फुगा नुसत्या हवेनं फुगायचा.

शमीम मात्र दाराशीच बसू लागली, चप्पल घालून. कितीही बोलावलं तरी टेबलाजवळ यायची नाही. एकदा तरी यावी, म्हणून मी सोपेसोपे प्रयोग शोधत बसायचे.

*

इन्स्पेक्शनला साहेब आले. मी मेणबत्ती पेटवली, वर काचेचा ग्लास पालथा घातला. "सब देखो. कोई हाथ नहीं लगाएगा."

चाळीस पोरं, साहेब, हेडमास्तर, मी. सगळे बघत होतो. ज्योत बारीक व्हायला लागली.

दाराशी चप्पल वाजली. शमीम धावत टेबलाशी आली आणि तिनं ग्लास उचलला. ज्योत पुन्हा वर आली.

साहेब हसले. "अरे बिटिया, बुझने देना था ना! प्रयोग बिगड़ गया."

तिनं ग्लास पोटाशी धरला.

"इतने सारे लोग खड़े थे, सर. किसी ने उठाया ही नहीं."