प्रसेनजीतचा चेहरा

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या माडीवर शशिधरचा स्टुडिओ होता. माणूस मूळचा निपाणीकडचा. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. एक्याण्णव साली त्यानं खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेतला, तेव्हापासून कागल-बिद्रीकडची कितीतरी लग्नं-बारशी त्याच्याच हातून उतरली. पुढं डिजिटल कॅमेरा आला, कॉम्प्युटर आला आणि त्याचा निम्मा दिवस फाइली बदलण्यात जाऊ लागला. टेपवरचं चित्रण कॉम्प्युटरवर घ्यायचं, ती भलीमोठी फाइल दाबून लहान करायची आणि सीडीवर भरून द्यायची. दाबताना चित्रातलं बरंच काही निघून जातं, हे त्याला ठाऊक होतं. पण कॉम्प्युटरवर जागा कायम अपुरी. सीडी गेली, की तो मूळ फाइल पुसायचा आणि त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम घ्यायचा. सगळेच तसं करत.

दोन हजार चारच्या मे महिन्यात कागलच्या समाजमंदिरात प्रसेनजीतचा सत्कार झाला. धोंडीराम गुरुजींचा हा एकुलता मुलगा, वस्तीतला पहिला वकील. भाषणाच्या शेवटी तो आईकडं वळून म्हणाला, "ही दुसऱ्याच्या रानात तण भांगलत राहिली, म्हणून माझ्या अंगावर काळा कोट आला." आईनं, आक्काताईंनी, पदर तोंडाला लावला. शशिधरनं तेही टिपलं.

दोन वर्षांनी हायवेवर ट्रकनं प्रसेनजीतच्या मोटरसायकलला धडक दिली. तो जागीच गेला.

महिन्याभरानं गुरुजी ती सीडी घेऊन माडी चढून आले. घरात फोटो होते, पण बोलणारा प्रसेनजीत या एका सीडीतच होता. आणि नेमका तो आईकडं वळायचा तिथंच चित्र फुटायचं, तोंडाचे नुसते चौकोन व्हायचे. मूळ चित्रणावरून स्वच्छ डीव्हीडी निघते, असं पुण्याच्या भाच्यानं सांगितलं होतं.

"मूळचं आसंल की तुझ्याकडं," गुरुजी म्हणाले.

नाही म्हणायला शशिधरची जीभ रेटेना. त्यानं आठ दिवसांनी यायला सांगितलं.

पुसलेली फाइल परत काढणाऱ्या एका माणसाकडं त्यानं कॉम्प्युटरची डिस्क नेली; हाती आले ते कुणाच्या तरी हळदीचे तुकडे. मग टेप शोधली. तिच्यावर बिद्रीतलं एक लग्न होतं. लग्न संपल्यावर शेवटी काही क्षण जुनं चित्रण उरलं होतं. समाजमंदिरातल्या रिकाम्या खुर्च्या, सतरंजी गुंडाळणारे दोघंजण. ते त्यानं दहा वेळा पाहिलं. प्रसेनजीत त्यात कुठंच नव्हता.

शेवटी त्यानं त्याच सीडीवरून डीव्हीडी बनवली. फाइलचा प्रकार बदलला, तबकडी नवी झाली. चौकोन मात्र होते तिथंच राहिले, कडा तेवढ्या पुसट झाल्या. मूळचंच आहे, असं सांगून त्यानं ती गुरुजींच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी गुरुजी परत आले. डीव्हीडी टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाय, शशिधर. पर हिला तिच्या लेकाचं तोंड कळतंय."

मग शशिधरनं सगळं सांगितलं. फाइल पुसली, टेपवर दुसरं घेतलं, ही डीव्हीडीही खोटीच. गुरुजी खुर्चीवर बसले. रागावले असते तर त्याला सोसलं असतं.

"आदीच सांगायचंस की," उठताना ते म्हणाले. "आठ दिस ती वाट बघत बसली."

त्यानंतर शशिधरनं एकही मूळ फाइल पुसली नाही. डिस्कवर नावं लिहून कपाट भरलं. त्या फाइली मागायला कुणीच आलं नाही. हळूहळू लोक मोबाइलवरच चित्रण करू लागले आणि स्टुडिओ बसत गेला.

माफी मागायला तो एकदा कागलला गेला होता. टीव्ही कापडानं झाकलेला होता. आक्काताईंनी चहा केला, त्याच्या पोरीची शाळा कशी चाललीय विचारलं. प्रसेनजीतचं नावही काढलं नाही. शशिधरनं चहा संपवला, कपबशी खाली ठेवली. मग माफी न मागताच येतो म्हणाला आणि एसटी स्टँडकडं चालू लागला.