एका चुलीवर किती माणसं

बाळांनो, कुपनं मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळी आलात तेव्हा धाकटीने ती जमिनीवर पसरून दुकान मांडलं होतं आणि मोठ्याला गिऱ्हाईक केलं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं, लागतं तेवढंच घ्यायचं आणि दुकानाने घातलेली अट आपल्या सोयीने वाचायची नाही. धाकटीने लगेच विचारलं, "आणि अट चुकीची असली तर?" मी कुपनं गोळा करून डब्यात भरली.

या डिसेंबरात स्टेशन रोडच्या मोठ्या किराणा दुकानाने दुकानाच्या वाढदिवसाची कुपनं काढली. मैदा, रवा, साखर, तूप, खोबरं, म्हणजे नेमकं आपल्या नाताळच्या फराळाचं सामान. अट एकच. एका चुलीवर चार माणसांपर्यंत जेवत असतील तर लहान कुपन, पाच किंवा जास्त असतील तर मोठं. कागदबिगद काही दाखवायचं नाही. तोंडाने सांगायचं.

शेजारच्या काकू आणि मी बरोबरच गेलो. त्यांच्या दिवाळीच्या करंज्या आपल्याकडे येतात आणि आपल्या नाताळच्या त्यांच्याकडे जातात, तेव्हा सामानही आम्ही एकत्रच आणतो. त्यांच्या घरी सात माणसं. त्यांना मोठं कुपन मिळालं. गल्ल्यावर दुकानदाराची सून होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्याकडं किती माणसं?"

मी बोलायच्या आतच काकू म्हणाल्या, "सहा लिही. लेक, सून, दोन नातवंडं, अन् हे दोघं."

"अहो, ती इथे कुठे आहेत?" मी म्हटलं.

"नातवंडं काय शेजाऱ्याची हायत का? अन् रोज जेवायच्या आधी डोळे झाकून सगळ्यांची नावं घेता की तुमी. मी ऐकते ना खिडकीतून. देवापुढं सहा अन् दुकानात दोन, हा कुठला हिशेब?"

मागे रांगेतल्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. म्हटलं, "काकू, ती कुठे आहेत हे देवाला ठाऊक असतं. या पोरीला कुठे ठाऊक आहे?"

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. "पण नाताळला येणार हायत का ते? येणार असतील तर मोठं घ्या ना बाई. त्यात काय एवढं."

तुमच्या बाबांनी सुट्टीचा अर्ज केला होता. "बघू, मिळाली तर येतो," एवढंच ते म्हणाले होते. घरात मी रोज त्याचा अर्थ "येतो" असाच लावत होते. तुमच्या गाद्यांना ऊन दाखवून झालं होतं. आजोबांनी पिंगळी गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याला हुरड्याचं विचारूनही ठेवलं होतं. पण गल्ल्यावर उभं राहून तेच मोठ्याने म्हणायचं, तर जीभ वळेना.

"दोन," मी म्हणाले.

"लय हट्टी हाव तुमी," काकू म्हणाल्या. पण हळूच, आणि माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

मुलीने लहान कुपन दिलं. "वापरू नका एवढ्यात. पाव्हणे आले की घेऊन या, बदलून देते."

म्हणून मी ते डब्यात ठेवलं. आजोबा दोनदा म्हणाले, "फराळ कधी करणार? वापरून टाक." मी म्हटलं, मुदत आहे अजून. लहान कुपन वापरलं की आम्ही दोघंच हे पक्कं होणार होतं, आणि मला ते इतक्यात पक्कं करायचं नव्हतं.

मग तुमच्या बाबांचा फोन आला. सुट्टी मिळाली नव्हती. धाकटी मागून ओरडत होती, "आजी, माझं करंज्यांचं चाक कुणाला देऊ नकोस!"

दुसऱ्या दिवशी जाऊन मी सामान आणलं. त्या मुलीने ते लहान कुपनच घेतलं आणि सामान बांधून दिलं. करंज्या पहिल्या घाण्यातच पुरेशा झाल्या. कातायचं चाक मी फिरवलं, तर कडा अगदी सारख्या आल्या. धाकटी फिरवते तेव्हा चाक अर्ध्यात सारणात शिरतं आणि करंजी तेलात फुटते. आजोबांनी ताटातली एक उचलून उलटसुलट पाहिली. "फार नीट झाल्यात यंदा," म्हणाले, आणि परत ठेवली.

जेवताना नावं अजून सहाच घेते. खिडकी उघडी असते, काकू ऐकत असतील.

पुढच्या डिसेंबरात दुकान पुन्हा कुपनं काढणार आहे म्हणे. ती मुलगी पेन उचलून विचारील, बाई, किती माणसं? एकदा तरी मला तिच्यासमोर खरं बोलून सहा म्हणायचं आहे.