बेडकीचे कान

गाडीला कान असावे लागतात, यावर त्या घरातल्या दोघा भावांचं एकमत होतं. बाकी कशावर होतं म्हणून सांगता येत नाही. आणि ते कान म्हणजे ती. मोठ्याची बायको, धाकट्याची वहिनी.

मोठा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा आणि घरी येताना हटकून काहीतरी मोडकं घेऊन यायचा. धाकटा पंपांच्या कारखान्यात टर्नर, लेथ यंत्रावर लोखंड कातणारा. लेथच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला, त्यामुळे बोलण्यात भारी कंजूष. एकदा दोघं मिळून दोन माणसांची एक हिरवी, बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन आले. आले म्हणजे ढकलत आले, कारण ती चालत नव्हती. जमिनीला पोट टेकलेलं, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे वर आलेले. ती दारातूनच म्हणाली, "ही बेडकी कुठून धरून आणलीत?" बारसं तिथेच झालं.

बेडकी चालायला लागली तिथे थांबले असते तर ते दोघे कसले! धाकट्याने लेथवर ॲल्युमिनियमचा पंखा कातला, त्याला घर करून दिलं आणि पट्ट्याने इंजिनाला जुंपला. हा त्यांचा सुपरचार्जर. इंजिन आपण होऊन जेवढी हवा ओढतं त्याहून जास्त त्याच्या घशात कोंबायची, एवढंच त्याचं काम. मग मोठ्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात इंजिनाचा कॉम्प्युटर बसवला. कोंबलेल्या हवेला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे आता डबा ठरवणार, आणि डब्याला अक्कल मोठा देणार. लॅपटॉपवर चौकटींचा भलामोठा तक्ता होता, प्रत्येक चौकटीत एक आकडा. आकडा चुकला की ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन आतून ठोकायला लागतं, पत्र्यावर खडे पडावेत तसं. याला ते नॉकिंग म्हणायचे. फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं.

नॉकिंग सुरू होताना इतकं बारीक असतं की लेथवाल्याला ते ऐकू येत नाही आणि रेडिओवाल्याचं लक्ष रस्त्यावर असतं. ती मात्र कानाच्या डॉक्टरांकडे कामाला होती. आवाज आत न येणाऱ्या खोलीत माणसांना बसवायची, बारीक बारीक सूर ऐकवायची, ऐकू आलं की त्यांनी बटण दाबायचं. तिच्याइतका तयार कान घरात असताना बाहेर कशाला शोधायचा? नवऱ्याने इंजिनाच्या अंगाला एक माईक घट्ट आवळला, त्याची वायर आत आणली आणि तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

मग दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर दोघं नवरा-बायको निघायची. ती डोळे मिटून बसायची, एक तळहात डॅशबोर्डवर टेकलेला. खडे वाजले की बोटाच्या पेराने डॅशबोर्डवर एकदा ठोकायची. तो लगेच पाय उचलायचा आणि स्टिअरिंगवर अंगठ्याने दोनदा ठोकायचा.

"दोनदा म्हणजे काय?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"म्हणजे ऐकलं," तो म्हणाला.

लोक रविवारी बायकोला बागेत नेतात. हा तिला इंजिन ऐकायला न्यायचा, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं. तक्ता खालून वर भरत गेला. सगळ्यात वरची ओळ, म्हणजे पाय पार तळाला टेकवून गाडी पळवायची तेव्हाची, तेवढी राहिली.

ती राहिली आणि तो गेला. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. तारा जोडायची सोल्डरिंगची सळी तापतच राहिली होती आणि टेबलाला काळा डाग पडला होता. त्यानंतर बेडकी चादर पांघरून उभी राहिली. येता-जाता ती त्या चादरीकडे बघायची नाही.

बऱ्याच महिन्यांनी दीर आला. चपला न काढता दारातच उभा राहिला.

"वहिनी, वरची ओळ भरून टाकू या."

"तुम्हाला येतं ते लॅपटॉपवरचं?"

"शिकलो थोडं. त्याचं अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही. कान तेवढे तुमचे द्या."

ती नाही म्हणू शकली नाही. रविवारी तोच रस्ता, तीच सीट. हेडफोनच्या गादीला अजून तिच्याच केसांच्या तेलाचा वास होता. दिराने पाय दाबला, पंख्याची शीळ चढत गेली आणि खडे वाजले. तिने सवयीने एकदा ठोकलं.

टक टक.

आवाज दोनदा, नेमका, त्याच अंतराने. तिने घाबरून डोळे उघडले. दिराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गप्प होते, नजर समोर.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. नॉकिंग होतं."

"आकडा मागे घेतो," तो म्हणाला. त्याने गाडी कडेला घेतली, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि ठिणगी जराशी उशिरा पडेल असं केलं. पुन्हा गेले. तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा ठोकलं, आणि पुन्हा उत्तर आलं.

सोमवारी काम संपल्यावर ती स्वतःच त्या बंद खोलीत बसली आणि सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला म्हणाली, माझी तपासणी कर. आलेख सरळ निघाला. कान शाबूत. म्हणजे डोकं फिरलं असणार, असं तिने मनाशी ठरवलं आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. वेडेपणात नवरा परत मिळत असेल तर शहाणपण घेऊन काय चुलीत घालायचंय?

पण वेडाचाही हिशेब असतो. एका रविवारी एका चौकटीत इंजिन स्वच्छ धावलं, एकसुद्धा खडा वाजला नाही. दीर नुसता खूश. तिने मात्र उरलेल्या चौकटी मोजल्या. अशा एकेक चौकटी जुळत गेल्या आणि ओळ पुरी झाली, की ठोकायचं कारणच उरणार नाही. मग उत्तरही नाही. तिने हात उचलला आणि काहीही वाजत नसताना ठोकलं.

टक टक.

त्या दिवसापासून ती खोटं ठोकायला लागली.

गाडीला खोटं चालत नाही. दर ठोक्यागणिक दीर ठिणगी मागे मागे नेत राहिला. बेडकीचा जीवच गेला. पंखा हवा कोंबतोय आणि गाडी म्हाताऱ्या बैलासारखी ओढतेय. ठिणगी उशिरा पडल्यामुळे आग सायलेन्सरकडे जायला लागली; बॉनेट उघडलं तर पाइप लालभडक. दिराला वाटलं, आपल्या पंख्यातच खोट आहे. कारखान्यातून सुट्टी झाली की पंखा उतरवायचा, मोजायचा, पुन्हा कातायचा, पुन्हा चढवायचा. त्याच्या बोटांना भाजल्याचे फोड आले. एका संध्याकाळी त्याने पंखा काढून तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला.

"हा भंगारात टाका, वहिनी. माझ्या हाताला यश नाही. डबा त्याने चोख केला होता, माझंच काम कच्चं. त्याची गाडी मी मारली."

एवढी वाक्यं तो एका दमात बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. तिची मान वर होईना. तिने चहा टाकला, आणि तो चहा न पिताच निघून गेला. पंखा रात्रभर ओट्यावर होता. त्याच्या पात्यांवर पुन्हा पुन्हा कातल्याच्या रेघा दिसत होत्या. त्या आपण काढायला लावल्या, हे तिला कळत होतं. आणि तरीही, लाज वाटली पाहिजे असं काहीतरी तिच्या मनात आलं: याने सोडून दिलं तर मला उत्तर कोण देणार?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक आजोबा आले. एकटे राहणारे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तिने त्यांना खोलीत बसवलं आणि काचेपलीकडून सूर सोडले. आजोबा धडाधड बटण दाबत होते. तिने सूर बंद केला, तरी दाबत होते. अशी माणसं तिने खूप पाहिली होती. एरवी ती हसून म्हणायची, "आजोबा, फसवताय होय मला?" आज तिच्याने हसवेना. ती दार उघडून आत गेली.

"आजोबा, आत्ता आवाज नव्हता."

"नव्हता?" आजोबा ओशाळले. "बटण दाबलं की तुम्ही तिकडून मान हलवता, बाई. म्हणून बरं वाटतं."

ती तिथेच स्टुलावर बसली. नंतर तिने त्यांच्या कानामागे हाडावरून आवाज पोचवणारं यंत्र लावलं, तपासणी पुरी केली, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि तडक दिराच्या कारखान्यावर गेली. तो बाहेर आला, हात पुसत.

"भावजी, पंखा परत चढवा. आणि आकडे, इंजिन पहिल्यांदा स्वच्छ धावलं तेव्हा होते, तिथे न्या."

"का?"

"त्यानंतर नॉकिंग नव्हतं. मी उगाच ठोकत होते."

तो बराच वेळ हातच पुसत राहिला. फडकं काळं झालं तरी पुसतच होता.

"मी त्या पंख्याला, स्वतःला शिव्या घालत होतो, वहिनी. झोप नाही मला."

"माहीत आहे."

"मग का केलंत?"

"मी ठोकलं की ह्यांचं उत्तर येतं," ती म्हणाली. "ओळ भरली की ते बंद होईल म्हणून."

त्याला राग आला होता, चेहऱ्यावर सरळ दिसत होता. पण तो हसला नाही आणि त्याने तिला वेड्यातही काढलं नाही. "रविवारी या," एवढं बोलून आत गेला.

रविवारी रस्ता कोरडा होता, हवा गार. ती बसली, डोळे मिटले, तळहात टेकला. दिराने पाय दाबला तो थेट तळापर्यंत. पंख्याची शीळ वर वर गेली, पाठ सीटला चिकटली, इंजिन गरजत सुटलं आणि ती जिवाचे कान करून ऐकत राहिली. एक खडा वाजावा, एकच. तिने मनातल्या मनात अक्षरशः भीक मागितली. काही वाजलं नाही. ओळीतली प्रत्येक चौकट स्वच्छ गेली. तिचा हात जागचा हलला नाही.

दिराने पाय उचलला. "झालं?"

"झालं."

गाडी आपल्या वेगाने हळू होत चालली. सगळं संपलं होतं. एवढं खरं वागल्यावर निरोपापुरतं एकदा ठोकायची आपल्याला मुभा आहे, असं तिला वाटलं. पण या वेळी फसवायचं नाही, स्वतःलाही नाही. तिने डोळे उघडे ठेवले आणि ठोकलं.

दिराचा अंगठा उचलला गेला आणि स्टिअरिंगवर पडला. दोनदा.

तो ठोका स्टिअरिंगमधून डॅशबोर्डमध्ये आला, तिथून तिच्या तळहातात, आणि हाडाहाडातून वर कानापर्यंत. जन्मभर लोकांच्या कानामागे यंत्र लावणाऱ्या बाईला, उत्तर याच वाटेने येत असेल, एवढं सुचलं नव्हतं. डोळे मिटून बसल्यावर कुठून सुचणार?

"भावजी, हे काय केलंत?"

"काय?"

"अंगठा. दोनदा."

"मी?" त्याने गाडी थांबवली आणि अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो कुणीतरी त्याच्या हाताला लावून गेलं होतं. "नाही हो. मी कशाला?"

तिने पुन्हा एकदा ठोकलं. अंगठा हलला. दोघांनीही पाहिलं. त्याने हात मांडीखाली दाबून धरला.

इंजिन धडधडत होतं. तो समोर बघतच बोलला.

"लहानपणी आमच्या दोन लोखंडी खाटा होत्या, भिंतीच्या दोन बाजूंना. आई दिवा मालवायची. मग ज्याला भीती वाटेल त्याने खाटेवर एकदा ठोकायचं. दुसऱ्याने दोनदा."

"दोनदा म्हणजे काय?"

"म्हणजे मी जागा आहे. तू झोप." त्याने मान फिरवली. "मी विसरलो होतो, वहिनी. शप्पथ."

"मला म्हणाले होते, दोनदा म्हणजे ऐकलं," ती म्हणाली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हमसून हमसून रडली. नवरा परत आला नव्हता. आणि मग या माणसाच्या अंगठ्यात हे कोण जागं होतं, हेही तिला सांगता येत नव्हतं.

दोघं परत निघाली. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते, हात मात्र डॅशबोर्डवरच होता. कारखान्याची भिंत संपली, वळण आलं, आणि तिच्या तळहाताला एक ठोका जाणवला. एकच. तिने दिराकडे पाहिलं. तो समोर बघत होता, ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.

तिने बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं.