वाकड्या दस्त्याची बंदूक

आबांच्या बंदुकीतली सळई डावीकडे जायची. दर वेळी डावीकडेच, आणि साधारण वीतभर. कधी उजवीकडे गेली असती, कधी माशाच्या अलीकडे पडली असती, तर मी म्हटलं असतं की वय झालं, हात हलतो. पण जी चूक दर वेळी एकाच बाजूला होते तिला एकच कारण असतं, एवढं मला वर्कशॉपात शिकवलेलं होतं. मी ते कारण शोधलं. सापडल्यावर जे केलं ते इतक्या वर्षांनी लिहून काढतो आहे. लिहिताना फारसं काही वाटत नाही. करतानाही वाटलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते. भिंगारला लष्कराच्या गाड्या दुरुस्त व्हायच्या, तिथे मी फिटर होतो. घर सोनईच्या पलीकडे, मुळेच्या काठावरच्या एका वस्तीवर. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिस मोटारीला मागे कोळशाची भट्टी लावलेली असे आणि चढ आला की माणसं खाली उतरून चालत. सुटी मिळाली की त्या मोटारीनं मी घरी जायचो.

आबा म्हणजे माझे वडील. शेतकरीच, पण पंचक्रोशीत त्यांना लोक ओळखायचे ते मरळ माशासाठी. उन्हाळ्यात नदी तुटून नुसते डोह उरत. गुरं बसून बसून त्यांचं पाणी इतकं गढूळ होई की हात बुडवला तर बोटं दिसत नसत. अशा पाण्यात मरळ जाळ्यात सापडत नाही, ती चिखलात बसते. पण तिला हवा घ्यायला वर यावं लागतं. काळी पाठ क्षणभर दिसते, एक बुडबुडा फुटतो, आणि ती गेलेली असते. तेवढ्या क्षणात आबा खडकावरून भाला टाकत. मरळीनं अंगात ताकद येते म्हणतात, म्हणून कुणाच्या घरी बाळंतीण असली, किंवा कुणी तापातून उठलेलं असलं, की त्या घरची बाई येऊन आईजवळ इकडचं तिकडचं बोलत बसे. आबा बाहेरूनच विचारत, "कवा पायजे?" बाई म्हणे, "तुमाला जमंल तवा." दुसऱ्या दिवशी मरळ पोचलेली असे. पिलांचा थवा घेऊन फिरणाऱ्या मरळीला मात्र ते कधी हात लावत नसत.

मग त्यांचा खांदा दुखायला लागला. वर्कशॉपातल्या एका गोऱ्या साहेबाकडे मासे मारायची रबराची बंदूक मी पाहिली होती. तशी एक मी सुटीच्या वेळात केली. सागवानी दस्ता, त्याच्या पुढे लांब लाकूड, लाकडात सळई बसायला खोबण, दोन्ही बाजूंना ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या, खाली घोडा. सळईच्या टोकाला उलटा काटा आणि मागे दोरी. खांद्याला दस्ता लावायचा, गाल लाकडावर टेकवायचा, सळईचं टोक माशावर धरायचं आणि घोडा ओढायचा.

"ह्ये काय? गोफन हाय का बंदूक?" आबा म्हणाले होते. पण पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्यानं भाल्यापेक्षा जास्त मासे मारले. भाला आढ्याला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात सळई डावीकडे जायला लागली.

माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, खडकावर आमच्यासोबत असायचा. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "काका, मरळीला सांगा की, बाई जरा डावीकडं सरक म्हनून. तुमची सळई तिथंच येती."

"तू सरक. तुज्यात घालतो एक," आबा म्हणाले. हसत होते, पण दोरी गुंडाळताना हात जोरात चालत होता.

मी म्हणालो, "आबा, पानी लई गढूळ हाय."

"पानी काय आज गढूळ झालं व्हय रं? जनमभर ह्याच पान्यात मारतोय. बंदुकीत खोट हाय. बघ."

त्याच आठवड्यात खालच्या आळीतली एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी मरळ मागून गेली होती. दोनदा येऊन रिकामी परत गेली. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. तिनं दुसऱ्या गावाहून मासा आणवला, हे आईच्या कानावर आलं. आईनं ते आबांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

तेव्हा मी बंदूक खोलून बसलो. आधी सळई काचेवर लोळवून पाहिली. वाकडी असती तर तिनं उड्या मारल्या असत्या. सरळ होती. मग रबर. एका बाजूची पट्टी ओढायला जड वाटली, म्हणून दोन्ही काढून एकाच ट्यूबच्या नव्या लावल्या. दोरी सुटताना कुठं अडत असेल म्हणून ती दस्त्यावरून काढून खडकावर मोकळी वेटोळी करून ठेवायला सांगितली. घोडा ओढताना झटका बसतो का पाहिलं, त्याची खाच कानशीनं घासून मऊ केली. प्रत्येक दुरुस्तीनंतर आबा डोहावर गेले आणि प्रत्येक वेळी सळई वीतभर डावीकडे पडली.

शेवटी मी वाळका भोपळा दोरीनं बांधून पाण्यात सोडला. मासा हलतो, भोपळा हलत नाही. मी मारली, भोपळ्यात. चुलतभावानं मारली, काठाला लागून का होईना, पण भोपळ्यातच. आबांनी मारली, डावीकडे वीतभर. पुन्हा मारली. पुन्हा तिथंच.

"माजाच राग हाय तिला," आबा म्हणाले.

त्या दिवशी जेवताना मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो. आईनं भाकरी त्यांच्या उजव्या बाजूला ठेवली आणि ती तिथं तशीच राहिली. "भाकरी वाढ की," ते म्हणाले. आईनं भाकरी उचलून ताटात ठेवली. मला एकेक आठवायला लागलं. उंबऱ्याच्या उजवीकडची घागर त्यांनी दोनदा लवंडली होती. उजवीकडून कुणी हाक मारली तर ते अख्खे वळायचे, खांद्यासकट.

जेवण झाल्यावर मी एकटा डोहावर गेलो. भोपळा तिथंच होता. बंदूक उजव्या खांद्याला लावली आणि उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्यानं सळईचं टोक भोपळ्यावर धरलं. अगदी मधोमध दिसत होतं. घोडा ओढला. सळई वीतभर डावीकडे पडली.

मी दोरी ओढून घेतली. आणखी एकदा मारली. तसंच. मग सळई पुसली आणि परत आलो. वाटेत मनात एवढंच होतं की सळईचा काटा गंजला आहे, त्याला तेल लावायला हवं.

बंदुकीत खोट नव्हती. आबांचा उजवा डोळा गेला होता, आणि तो गेल्याचं त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. एक डोळा हळूहळू गेला तर दुसरा त्याचं काम ओढून घेतो, माणसाला वाटतं दोन्ही शाबूत आहेत.

सांगायला हवं होतं. त्याच रात्री नाही, तर सकाळी. नगरला डोळ्यांचा दवाखाना होता, मी रोज त्याच्यावरून जायचो. पण आमच्या घरात आबांना त्यांच्या शरीराबद्दल कुणी काही सांगत नसे. त्यात माझा आजा आंधळा होऊन मेला होता. शेवटची बरीच वर्षं आबाच त्याला हाताला धरून बांधावर नेऊन बसवत. त्यामुळे आंधळा हा शब्दच आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. बैलाच्या डोळ्यावर फूल पडलं तरी आबा म्हणत, "त्याला त्या अंगानं दिसत न्हाई." मी शब्द जुळवून पाहिले. एकही जुळला नाही. खरं सांगायचं तर फार प्रयत्नही केला नाही. मला बंदूक दुरुस्त करता येत होती.

भिंगारला जाताना बंदूक सोबत नेली. दस्ता मानेपाशी कापला आणि खांद्याला लागणारा भाग दोन बोटं उजवीकडे सरकवून पुन्हा जोडला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारून. आता दस्ता उजव्या खांद्यालाच राहील, पण सळई डाव्या डोळ्यासमोर येईल. काम चांगलं झालं होतं. मिस्त्रीनं सांधा पाहून मान डोलावली.

"ह्यो असा वाकडा का केलास?" पुढच्या सुटीत घरी नेली तेव्हा आबांनी विचारलं.

"तुमच्या खांद्यासाठी. दुखतो ना, तिथं नीट बसंल."

त्यांनी बंदूक लावून पाहिली. "बसती की," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी हाताएवढी मरळ मारली. काटा बरोबर डोक्यामागे. "बघ," ते म्हणाले, "म्हनलं हुतं ना? खोट बंदुकीतच हुती." खालच्या आळीच्या त्या बाईकडे ती मरळ त्यांनी स्वतः नेऊन दिली, न मागता. मी मागे चालत होतो. ते मला शिट्टी वाजवताना ऐकू आले. आबा शिट्टी वाजवतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तो उन्हाळा चांगला गेला. सगळे मासे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. मरळ वर येऊन, हवा घेऊन गेली होती. "आली का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत डोळ्यात दिवा धरून पाहिलं. काचबिंदू, ते म्हणाले. उजवा डोळा केव्हाच गेला आहे. डाव्यात थोडासा उजेड उरला आहे, तोही राहील असं वाटत नाही. उजवा गेला तेव्हाच आणलं असतं तर डाव्यासाठी शस्त्रक्रिया करून पाहता आली असती.

"मला काय कळलंच न्हाई, सायेब," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

आबा खुर्चीवर शेजारीच होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा होतो.

मी आता दर वर्षी डोळे तपासून घेतो. डॉक्टर विचारतात, वडिलांना होता का? मी होता म्हणतो. त्यांचं काम तेवढ्यावर होतं.

त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर चुलतभाऊ आला. बंदूक नुसतीच टांगलेली होती, ती त्यानं मागून नेली होती. ती परत द्यायला तो आला तेव्हा आबा अंगणात बाजेवर होते. आई आत भाकरी थापत होती. मी सुटीवर होतो.

"काका, कसली बंदूक हो ही? मारीन तिथं उजवीकडंच पळती."

"तुला धरता येत न्हाई," आबा म्हणाले.

"मला न्हाई येत व्हय? आवं, सगळं करून बघितलं. मग काय केलं, उजवा डोळा मिटला. तर बराबर लागती! काण्याची बंदूक हाय जनू..."

बोलता बोलता तो थांबला. आत थापण्याचा आवाज चालूच होता. चुलतभावानं बंदूक बाजेला टेकवून ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हैस सुटली असेल असं काहीतरी म्हणून गेला.

आबांनी हात लांब करून बंदूक चाचपडली आणि मांडीवर घेतली. दस्त्याच्या मानेवरून, लोखंडी पट्ट्यांवरून, वळणावरून बोटं फिरवली.

"खांद्यासाठी म्हनला हुतास."

"व्हय."

"खांदा न्हवता."

"न्हाई."

"म्हंजी तुला ठावं हुतं."

"व्हय, आबा."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी वाटलं. त्यांनी घराच्या दिशेला तोंड वळवलं.

"तिला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग सांगू नगंस." दस्त्याच्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, "आन् ह्यो दस्ता सरळ कर. दुसऱ्या कुनाच्या हातात गेली तर मासा उगी जखमी हून चिखलात मरंल."

मी नवा दस्ता केला. सरळ. पुढच्या सुटीत घेऊन आलो तर आबा म्हणाले, "चल, बघू कशी जाती ती." माझ्या खांद्यावर हात ठेवून ते डोहापर्यंत आले. थंडी होती. मी त्यांना खडकावर बसवलं आणि भोपळा सोडला. बंदूक खांद्याला लावली. दोन्ही डोळे उघडे होते. 

घोडा ओढला. सळई भोपळ्याच्या अलीकडे पडून पाण्याचा आवाज झाला. आबांनी मान जरा वर केली.

"लागली?"

"न्हाई, आबा. चुकली."

त्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं. मग म्हणाले, "पानी गढूळ आसंल."

पौष महिना होता. नदीला धार होती, आणि डोहाच्या तळाचे गोटे एकेक वेगळे दिसत होते.

"व्हय," मी म्हणालो, आणि दोरी ओढायला लागलो.