एका आळ्यातल्या तिघी

जुनं झालं म्हणून काही संपतं, यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस पाहायचा असेल तर आमच्या गिरीजला या. माझे धाकटे दीर दाखवते. वाडीतल्या केळींना पाणी सोडून झालं की भावोजी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसतात. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एकच, पण त्याच्या तीन आवृत्त्या एकाच यंत्रात नांदवल्यात: थोरली, मधली, धाकटी. तिघींची बिऱ्हाडं वेगळी. थोरलीला उघडण्याआधी इंटरनेटची वायर काढतात, का, तर कुणी तिला परस्पर अपडेट करू नये. शेजारी विजेचं बिल भरून घ्यायला आला, त्याची आधी तिघींशी ओळख करून दिली. चहा गार झाला, बिल राहिलं, बिचारा केळ्याची फणी घेऊन परत गेला. मी म्हटलं, "भावोजी, एक पुरत नाही?" तर म्हणाले, "वहिनी, केळीच्या आळ्यात आई, लेक, नात एकत्र उभ्या असतात ना? मग यांनीच काय पाप केलंय?"

खरी गोष्ट अशी, की माझी जाऊ आजारात पडल्यापडल्या लग्नाची जुनी गाणी म्हणायची आणि भावोजी ती थोरलीत उतरवून घ्यायचे. जाऊ गेली. ती गाणी मधलीत उघडली तर अक्षरांचा नुसता चिवडा होतो, धाकटी तर उघडतच नाही, आणि प्रिंटर थोरलीला ओळख दाखवत नाही.

मध्यंतरी त्यांची लेक नवा कॉम्प्युटर घेऊन आली. "बाबा, यात ते जुनं व्हर्जन चालणार नाय. हा डबा आता भंगारात." भावोजींनी जुनाच कॉम्प्युटर चालू केला. तीही वाडीतच वाढलेली, म्हणाली, "घड उतरला की आळ्यातल्या आईला कापताच ना तुम्ही?"

भावोजींनी चष्मा पुसला. "घड अजून उतरला नाही गो."

ती नवा कॉम्प्युटर जुन्याशेजारी मांडून गेली.

तेव्हापासून दुपारी मी जुन्या पडद्यावरून ओळ वाचते, भावोजी नव्यावर टाइप करतात. केळीच्या पानांचा हिरवा उजेड दोन्ही पडद्यांवर हलत असतो. वाचता वाचता माझा आवाज नकळत जाऊच्या चालीवर जातो, आणि त्यांची बोटं तिथेच थांबतात. दिवसाला दोन ओळी होतात.

आता शेवटचं, नवरीच्या पाठवणीचं गाणं चालू आहे. चार ओळी उरल्यात. काल मी गेलेच नाही. त्यांनीही बोलावलं नाही.