अर्धी गोळी सासूची

मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि माझ्यासमोर महादेवी घोंगडी पांघरून बसलेली!

"थंडी वाजती की, बाई."

तिची सासू गंगव्वा तिला कुंभारीहून भवानी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात घेऊन आली होती. तीनदा दिवस गेले, तीनही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गर्भ पडला. आता घरात दुसऱ्या सुनेची बोलणी चालली होती. हे सांगताना महादेवीनं मान वर केली नाही.

मी नवीन डॉक्टर, अंगात उत्साह मावत नव्हता. तिच्या टाचेच्या वर हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परतलं अगदी रमतगमत. मी खुर्चीतून उडालेच! थायरॉइड! ही गळ्यातली ग्रंथी. ती मंदावली की सगळं अंग मंदावतं, गर्भही टिकत नाही. रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्टही तोच आला. रोज एक गोळी सुरू केली.

दोन महिन्यांनी फरक जेमतेम. मी दुप्पट ताकदीची गोळी दिली. त्यातच दिवस गेले! मी कंपाउंडरला पेढे आणायला पिटाळलं.

पण नाडी पाहिली तर अजून मंदच. घोंगडीही तशीच. गंगव्वा मात्र घामाघूम, तोंडाचा पट्टा सुरू, बसल्या बसल्या माझं टेबल पुसून काढलेलं.

"आजी, हात बघू." नाडी एकशेवीस! "तुम्ही काय औषध घेता?"

"म्या? काय न्हाय. हिचीच गोळी अर्धी अर्धी करतो की. घरात एकटीनं खाऊ नये. लई गुण हाय बघा, बाई!"

मला हसू आवरेना. पण दुसरा महिना संपत आला होता.

"आजी, नातवंडाच्या तोंडचा घास काढताय तुम्ही."

म्हातारीनं स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून अख्खी गोळी सुनेच्या तोंडात घालून, जीभ उचलायला लावून तपासायची.

तिसरा महिना गेला. चौथा गेला. घोंगडी सुटली. पुढं मुलगी झाली, अख्खा दवाखाना डोक्यावर घेणारी. मी तर चक्क नाचले.

"काय आजी, दुसरी सून आणणार होता ना?"

"नगं गं बाई! एका गोळीत तिघी कशा भागणार?"

तेव्हापासून डोस वाढवण्याआधी मी विचारते, "ही गोळी घरात कोण कोण घेतं?" दर आठवड्याला एखादी सासू तरी सापडतेच.