पट्टेवाल्या पाखराचा पंचनामा

आमच्या पनवेलच्या घरमालकांइतका खरं बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं अनिश्चित बोलणाराही पाहिला नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शिरढोण-गव्हाणच्या बाजूला तलाठी म्हणून काढली होती. पंचनामे लिहून लिहून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला होता. दोन पंचांनी पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं ते मानतच नसत. घरात दूध नासलं तरी वास घ्यायला मला आणि माझ्या बायकोला बोलावणं येई. एकदा कुणा वाटसरूने एस.टी. स्टँड कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत तरी त्या अंगाला होता." नव्वद सालच्या आसपास मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकुनी करत होतो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, त्यामुळे पहिला पंच बहुधा मीच असे.

काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, स्वभाव अगदी उलट. त्यांना सगळ्याची खात्री असे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि आता उशीर केला तर उजव्या डोळ्याची आशा सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काकूंच्या माहेरी कुठल्याही मोठ्या कामाला निघण्याआधी भारद्वाज दिसावा लागे. ऑपरेशनलाही तोच नियम. शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहिल्यापासून भारद्वाज परसात फिरकला नव्हता, आणि फिरकला असता तरी काकूंना दिसणार कसा? म्हणून त्यांनी तोड काढली, "यांनी पाहिला की मी पाहिला. फक्त यांनी तसं तोंडाने सांगायचं." एस.टी. स्टँडची ज्याला खात्री नाही, अशा माणसाच्या शब्दावर एका डोळ्याची दृष्टी अडली होती.

गणपती उठल्यावर चार दिवसांनी विहिरीमागच्या शेवग्याखाली एक पाखरू आलं. कावळ्याएवढं, लांब शेपटीचं, आणि अंगभर मळकट आडवे पट्टे. भारद्वाज आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. तो काळा, पंख विटकरी, डोळे लालभडक. याचे डोळे राखी होते आणि पंख काय रंगाचे म्हणावेत, यावर माझं आणि बायकोचं एकमत होईना. तेवढ्यात कुंपणाच्या झुडपातून घुमल्यासारखा "ऊप, ऊप, ऊप" असा आवाज आला. आतून काकू म्हणाल्या, "अहो, आवाज तर त्याचाच आहे."

"आवाज येताना चोच हलली का?" घरमालकांनी मला विचारलं. मी चोचीकडे पाहिलंच नव्हतं. मग आवाज अज्ञात इसमाचा, असं त्यांनी लिहून घेतलं.

त्यांनी खरोखरच पंचनामा सुरू केला होता. सदर पक्ष्याची चतुःसीमा: पूर्वेस चोच, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस विहीर, दक्षिणेस आमचं न्हाणीघर. एवढं होतंय तोच पाखरू गर्रकन वळलं आणि पूर्वेस शेपूट आली. घरमालकांनी कागद खोडला, नवा घेतला. पाखरू पुन्हा वळलं. आठवडाभर हेच चाललं. चित्रकलेच्या एका मास्तरांना बोलावून आणलं, ते म्हणाले, अंगावर ठिपके आहेत, ही कोकिळेची मादी. मला पट्टे दिसत होते, पण मास्तरांनी ठिपके म्हटल्यापासून मलाही ठिपके दिसू लागले. गव्हाणहून मासळी घेऊन येणारी बाई टोपली उतरवून म्हणाली, "काका, यो कुंभारकावळाच हाय. पिल्लू हाय त्याचा." तिच्याकडे भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात.

"तुम्ही अंड्यातून निघताना पाहिलंत?"

"मी कशाला बगायला जातंय? आमच्याकडं लय हायत."

"मग हे ऐकीव झालं," असं म्हणून त्यांनी तेही लिहून घेतलं. दोन पंच आणि दोन पक्षी. इकडे रोज सकाळी काकू भिंत चाचपत मागच्या दारी येत आणि विचारत, "तोच ना?" घरमालक म्हणत, "चौकशी चालू आहे." एका सकाळी उंबरा चाचपताना काकूंचा हात तिथे ठेवलेल्या पेटत्या शेगडीवर पडला. फार भाजलं नाही, पण काकूंनी हात पदरात लपवला. घरमालकांनी ते पाहिलं. पंच न बोलावता पाहिलं. हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "भारद्वाजच आहे. उद्या निघू."

ऑपरेशन नीट झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून तांदूळ निवडता निवडता काकू मला म्हणाल्या, "यांना कसली खात्री होती? आवाज कापत होता. म्हटलं, जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्या डोळ्यासाठी खोटं बोलतोय, आता भारद्वाज कशाला हवा?" त्या माणसाला आपण इतके दिवस हसत आलो याची मला लाज वाटली.

पुढे मी घर बदललं. दोन-तीन वर्षांनी कर्नाळ्याला गेलो असताना करवंदीच्या जाळीत लाल डोळ्यांचा थोरला भारद्वाज तसल्याच मळकट पट्टेवाल्या पिल्लाला नाकतोडा भरवताना दिसला. मी अर्ध्या वाटेवरून परतलो आणि थेट घरमालकांकडे गेलो. ते बरेच थकले होते. काकूंना जाऊन सहा महिने झाले होते आणि ते एकटेच मागच्या दारी बसले होते. मी म्हटलं, "काका, तो भारद्वाजच होता. पिल्लू होतं. मी डोळ्यांनी पाहून आलोय. तुम्ही काकूंना खरं तेच सांगितलं होतंत."

त्यांनी शेवग्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी खोटंच बोललो. राहू द्या तसंच. तिच्यासाठी तेवढं एकच बोललोय, तेही आता काढून घेऊ नका."